टेन्शन लपवणारं घर

माझ्या नोकरीतला रोजचा पहिला प्रश्न दिवाळी अंकात छापावा की नाही, यावर आमच्याकडे फराळाच्या ताटावर वाद झाला. नवरा म्हणाला, "अगं, लोक चकली खात वाचतात, जरा विचार कर." पण तो प्रश्न वगळायचा तर माझी अख्खी नोकरीच वगळावी लागेल. तेव्हा चकली घटकाभर बाजूला ठेवा. मी रोज सकाळी ओपीडीत आलेल्या प्रत्येकाला विचारायची, "आज किती वेळा जाऊन आलात? आणि रक्त होतं का?"

मी कुंदा सिस्टर. पौड रस्त्यावरच्या एका छोट्या धर्मादाय रुग्णालयात पोटविकार विभागात मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली आणि आत्ता कुठे निवृत्त झाले. दुर्बिणीची लांब नळी धुऊन तयार ठेवायची, तपासणीच्या वेळी पेशंटला डाव्या कुशीवर झोपवून धीर द्यायचा, नंतर फोन करून गोळ्या चालू आहेत का ते विचारत राहायचं, हे माझं काम. ऐकणारे नाक मुरडतात. मुरडा. मला मात्र ते काम जीव तोडून आवडायचं. पडद्यावर माणसाचं आतडं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी "अय्या!" असं ओरडले होते आणि आमचे डॉक्टर, म्हणजे सर, दचकले होते. गुलाबी, ओलं, चकचकीत, वळणावळणाचं. इतकी सुंदर गोष्ट आपण पोटात घेऊन फिरतो आणि तिचं नाव काढायलाही लाजतो!

आमच्याकडे मोठ्या आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार असलेले बरेच पेशंट होते. हा आजार मुळासकट जात नाही. औषधांनी झोपतो. वर्ष वर्ष गाढ झोपतो आणि मग एक दिवस उठतो. त्याला आम्ही दुखणं उलटलं म्हणतो. उलटलं की रक्त, कळा, दिवसभर संडासच्या चकरा, वजन उतरणं. फारच हाताबाहेर गेलं तर मोठं आतडं काढून टाकावं लागतं. म्हणून आमची सगळी धडपड एकच, झोपलेल्याला उठू द्यायचं नाही.

आमच्या सरांना एका गोष्टीने फार छळलं होतं. गोळ्या त्याच, खाणं तेच, तरी एकाचं दुखणं झोपून राहतं आणि दुसऱ्याचं पुन्हा पुन्हा उठतं. हळूहळू त्यांच्या ध्यानात येत गेलं की ज्याचं मन खचलेलं, त्याचं दुखणं जास्त उलटतं. आतडं बिघडलं की मन बिघडतं आणि मन बिघडलं की आतडं. शिवाय खचलेला माणूस गोळ्याही सोडतो. एका सकाळी ते मला म्हणाले, "सिस्टर, उद्यापासून आणखी एक प्रश्न विचारायचा. गेल्या आठवड्यात कशात मजा आली?"

मी विचारायला लागले आणि ओपीडीत धमाल उडाली. लवासाच्या पलीकडच्या डोंगरातल्या वाडीवरून एक आजी यायच्या. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "मजा? दवाखान्यात मजा इचारत्यात व्हय? सरकारनी काडलंय का ह्ये?" जांबे गावात भाड्याने राहणारा एक इंजिनियर मुलगा होता. हिंजवडीच्या रस्त्यावर कुठल्या पेट्रोल पंपाचं संडास उघडं असतं हे त्याला तोंडपाठ. या प्रश्नावर तो बोटांवर वार मोजत गेला आणि म्हणाला, "सिस्टर, सॉरी, आठवत नाहीये." मग तो रडला. त्याच्या सगळ्या तपासण्या त्या दिवशी चांगल्या होत्या, तरी सरांनी त्याला आमच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. कागद चांगला म्हणजे माणूस चांगला असं नसतं, हे तोवर आम्हा दोघांनाही कळून चुकलं होतं.

पण मला सांगायचंय ते सोपानरावांबद्दल.

सोपानराव नांदे गावचे. थोडी शेती, आणि उरलेल्या जागेवर बांधलेल्या भाड्याच्या खोल्या. पण मुळशी-मावळात त्यांना कुणी शेतकरी किंवा घरमालक म्हणून ओळखत नसे. ते बैलगाडा शर्यतीचे निवेदक होते. ज्यांनी शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एका गाड्याच्या धावेला बारी. एक बारी काही सेकंदांत संपते. त्या सेकंदांत धुरळ्यात काय झालं हे निम्म्या लोकांना दिसतच नाही. ते दिसतं निवेदकाच्या तोंडातून. सोपानरावांनी माईकवर "भिर्रर्रर्र!" केलं की पार शेवटी झाडावर बसलेल्या माणसालाही बैल आपल्या अंगावरून गेल्यासारखा वाटायचा.

असा माणूस आमच्याकडे आला तो थोरल्या भावाच्या खांद्यावर हात टाकून, पांढराफटक. दुर्बिणीत मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा दिसल्या. औषधं लागू पडली, दुखणं झोपलं. घरी सोडताना सरांनी सांगितलं की गोळ्या रोज घ्या, जागरण टाळा, टेन्शन घेऊ नका. हे शेवटचं वाक्य वैद्यकीय धंद्यातलं सगळ्यात फुकट वाक्य आहे. ते पाळायचं कसं हे कुणीच सांगत नाही. पण थोरले भाऊ ज्ञानोबादादा हे वाक्य औषधाच्या चिठ्ठीसारखं जपून घरी घेऊन गेले.

काही महिन्यांनी सोपानरावांचं दुखणं उलटलं. पुन्हा औषधं, पुन्हा बरं, पुन्हा उलटलं. सर चक्रावले. दर वेळी ज्ञानोबादादा बरोबर असायचे आणि दर वेळी उत्तरंही दादाच द्यायचे. गोळ्या घेतो? "घेतो की." झोप? "झ्याक." आणि माझा मजेचा प्रश्न आला की, "मजेत हाय तो. घरात आमी त्येला कसलंच टेन्शन दीत न्हाई."

मी सोपानरावांकडे पाहिलं. ज्याच्या आवाजाने बैल पळायचे तो माणूस खुर्चीच्या टोकाला बसून स्वतःच्या चपला बघत होता. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी दादांना म्हटलं, "जरा खाली जाऊन औषधाच्या दुकानातून मोजे घेऊन या, हातातले, माझ्या मापाचे." माझ्याकडे मोज्यांचं अख्खं खोकं होतं. दादा गेले. मी दार लोटलं आणि म्हटलं, "आता बोला."

सोपानरावांनी लोटलेलं दार एकदा पाहून घेतलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "सिस्टर, खरं सांगा. माजं किती दिस ऱ्हायल्यात?"

मी उडालेच. "कसले दिवस?"

"क्यान्सर हाय न्हवं मला? घरात समद्यांना म्हाईत हाय. मलाच कोन सांगंना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्ञानोबादादांनी घरात हुकूम काढला होता की सोपानला टेन्शन येईल असं काही बोलायचं नाही. आजारपणापासून सोपानरावांचं निवेदन सुटलंच होतं. आता ते आले की घरातलं बोलणंही थांबायचं. टीव्हीवर बातम्या लागल्या की कुणीतरी चॅनल बदलायचं. भाडेकरू खोली सोडून गेला, सांगितलं नाही. मेहुण्याचं लग्न मोडलं, सांगितलं नाही. घरची दुभती म्हैस मेली तेही सांगितलं नाही. सोपानराव सकाळी गोठ्यात गेले तर नुसता खुंटा. बायकोला, सुमनला, विचारलं तर ती म्हणाली, माहेरी पाठवलीय.

"म्हैस माहेरी पाठवली?" मी विचारलं.

"व्हय. सुमनच्या माहेरी. हवापालटाला."

मला हसू आवरेना आणि रडूही. तो माणूस मात्र हसत नव्हता. तो म्हणाला, "म्हशीचं लपिवत्यात, मंग माज्या रिपोर्टाचं किती लपिवत असतील? मरायचंच हाय तर गोळ्या कशाला गिळायच्या? मी त्या परड्यात फेकून देतुया."

बघा आता! घराने त्याच्यापासून टेन्शन लपवलं, त्यातून त्याने मोठं टेन्शन तयार केलं, त्यापायी गोळ्या सोडल्या, दुखणं उलटलं आणि ते उलटलं म्हणून घराने आणखी लपवायला सुरुवात केली. प्रेमापोटी, अगदी पोटतिडकीने, सगळं कुटुंब त्याला आजारी पाडत होतं. मी तडक सरांच्या खोलीत शिरले.

सरांनी त्याच दिवशी सोपानरावांना पडद्यासमोर बसवलं आणि त्यांच्याच तपासण्यांचे जुने व्हिडिओ दाखवले. हा सरळ भाग, हे पहिलं वळण, इथे सूज, इथे जखमा, आणि हे औषध घेत होता तेव्हाचं, बघा कसं गुलाबी. गाठ कुठेच नाही. आतून काढलेले बारीक तुकडे तपासलेत, कॅन्सर नाही. सोपानराव खुर्चीवरून पुढे सरकत सरकत पडद्याला नाक लावायला आले. "ह्ये माजं हाय? आतलं? मागं घ्या की, त्ये वळान परत दावा!" तीनतीनदा पाहिलं. मग रुमालात तोंड घालून हमसून हमसून रडले. ज्ञानोबादादा हातमोजे घेऊन दारात उभे होते. त्यांना वाटलं, आता टेन्शन दिलं ह्या लोकांनी.

त्या आठवड्यात मी नांद्याला त्यांच्या घरी गेले. चहा झाला आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून या घरात सोपानरावांना सगळं कळलं पाहिजे, चांगलं आणि वाईट. न सांगितलेलं त्यांच्या आतड्याला जास्त बाधतं. मग सुमनने पदर खोचला आणि एका दमात सुरू केलं, "म्हैस मेली. टोकाच्या खोलीतल्या भाडेकरूनी बेसिन फोडलं. माज्या भावाचं लगीन मोडलं. तुमचा माईक मी माळ्यावर लपवलाय. आन् यात्रा कमिटीची मानसं दोन डाव येऊन गेली, दादांनी सांगितलं सोपान आता बोलत न्हाई म्हनून." शेवटचं ऐकल्यावर सोपानराव ताडकन उभे राहिले. "माज्या तोंडाचा ठेका तू घेतला का रं दादा?" दादा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

पुढे सोपानराव समुपदेशक बाईंकडे नियमाने जाऊ लागले. मनासाठीही काही दिवस गोळ्या चालल्या. पोटाच्या गोळ्या ते आता सुमनच्या समोर, मोठ्याने सांगून घ्यायचे. शौचाच्या तपासणीत आतल्या सुजेचा अंदाज येतो, तोही आकडा खाली आला. मी फोन केला की पलीकडून आधी बातमीपत्र यायचं. कोण आजारी, कोणाची भांडणं, कुणी गाडी घेतली. मजेचा प्रश्न विचारायची पाळीच यायची नाही.

मग यात्रा आली. पौडच्या पुढच्या एका गावचा घाट. कमिटीने पुन्हा बोलावलं आणि सोपानराव हो म्हणून मोकळे झाले. दादांनी ओपीडीत येऊन सरांसमोर जवळजवळ हात जोडले. "डाक्टरसाहेब, तुमी न्हाई म्हना. तुमचं ऐकंल. दिसभर उनात, वरडायचं, धुरळा. परत उलटलं तर?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सरांनीच सांगितलं होतं की आता जोरात उलटलं तर आतडं काढायचा विचार करावा लागेल.

सर म्हणाले, "उलटणार नाही अशी खात्री मी देऊ शकत नाही, दादा. पण माईक नसताना ते किती वेळा उलटलं, तेही तुम्ही पाहिलंय."

सोपानरावांना भीती आतड्याची नव्हती. भीती होती संडासची. आतून हाक आली की थांबता येत नाही, आणि निवेदकाला तर बारी चालू असताना मान वळवता येत नाही. हजारो लोकांसमोर कपडे खराब झाले तर? या एका भीतीपायी आमचे कितीतरी पेशंट लग्नाला जात नाहीत, एसटीत बसत नाहीत, उपाशी राहून ऑफिसला जातात. मला तर असल्या मोहिमा म्हणजे सणच. मी सरपंचांना फोन करून फिरतं संडास स्टेजच्या बरोब्बर मागे लावून घेतलं आणि त्याला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. बदली निवेदक म्हणून एक शाळामास्तर ठरवले. सोपानरावांची पिशवी भरली, जादा कपडे, पाणी, गोळ्या. आणि सुटी टाकून मी स्वतः स्टेजखाली खुर्ची टाकून बसले.

काय तो दिवस! टेकडीच्या अंगावर माणसंच माणसं. पुढे घोडी, मागे बैल, हलगीचा कडकडाट, भंडारा. सोपानरावांनी माईक हातात घेतला, एक क्षण डोळे मिटले आणि असं काही "भिर्रर्रर्र!" केलं की माझ्या हातातला चहा सांडला. मी सिस्टर आहे हे विसरून खुर्चीवर उभी राहून ओरडत होते. सुमन माझा दंड धरून रडत होती आणि ओरडत होती. फक्त ज्ञानोबादादा लांब बाभळीखाली, हाताची घडी घालून.

दुपारी उन्हं कलली आणि ऐन चुरशीचे गाडे जुंपायला घेतले, तेव्हा सोपानरावांचा चेहरा बदलला. मी तो चेहरा ओपीडीत रोज पाहिलेला. मी किल्ली काढली, मास्तरांना खूण केली. मला वाटलं, ते गुपचूप उतरतील. पण त्यांनी माईक तोंडाशी नेला.

"मंडळी, जरा दम धरा. मला आतड्याचा आजार हाय. रक्त पडायचं, म्हनून इतकी सालं मी घरी बसलो. आता मला संडासला जायाचंय आन् त्ये थांबत न्हाई. गाडा सोडू नका. मी आल्याबिगर सोडला तर बगा!"

घाट गार पडला. मग वरून कुणीतरी ओरडलं, "जा रं सोपान, निवांत जा, बैल हितंच हायेत!" आणि हशा, शिट्ट्या, टाळ्या. मास्तरांनी मधल्या वेळात माईक घेतला आणि "सर्व बैल सध्या उभे आहेत" असं बातम्यांसारखं सांगितलं, त्यावर लोक आणखी हसले. सोपानराव परत आले. रक्त नव्हतं, हे त्यांनी मला खुणेने सांगितलं. आणि पुढची बारी त्यांनी अशी गाजवली की बैलवाल्यांनी त्यांनाच खांद्यावर घेतलं.

त्यानंतर माझ्या खुर्चीभोवती माणसं जमायला लागली. कुणी शेव खात, कुणी उगाच मोबाईल बघत. "सिस्टर, जरा बाजूला येता का? मला बी तसलंच व्हतंय." भर यात्रेत माझी ओपीडी सुरू झाली. सगळ्यांत शेवटी बाभळीखालून ज्ञानोबादादा आले. इकडे तिकडे पाहिलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "मला लई दिवसांपास्नं रगात पडतंय. मूळव्याध आसंल म्हनलं. पर आता सोपान जे बोलला, त्ये समदं माजं बी तसंच हाय."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"त्येला टेन्शन आलं आसतं."

मला त्यांचा राग आला आणि माया आली, दोन्ही एकदम. रक्ताच्या नात्यात हा आजार कधीकधी दुसऱ्यालाही गाठतो, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "सोपानरावांना मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं. आत्ता." दादा जड पावलांनी स्टेजच्या पायऱ्या चढले. खालून मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की सोपानरावांनी माईक हाताने दाबून धरला, ऐकलं, आणि मग थोरल्या भावाला असं काही झापायला लागले की हलगीवाले थांबून बघत राहिले.

पुढच्या ओपीडीच्या दिवशी दादा आमच्या टेबलावर डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. अर्धीच तपासणी होती, त्यामुळे भूल नाही. सोपानराव दाराशी अडून बसले, मला आत येऊ द्या. सर म्हणाले, "येऊ द्या."

सोपानराव दादांच्या डोक्याशी उभे राहिले, पडदा त्यांच्या समोर. नळी आत सरकली आणि दादांनी मूठ आवळली. तेव्हा सोपानराव कधी नव्हे इतक्या हळू आवाजात सुरू झाले, "मंडळी, दादांचा गाडा घाटात शिरलाय. रस्ता सरळ हाय. हितं जरा कळ यील, दादा, श्वास सोड. आता पैलं वळान. वळान घेतलं. झ्याक गुलाबी रस्ता..."

आणि ते थांबले. पडद्यावर लाल भाग आला होता. सूज होती, बारीक जखमा होत्या. सरांनी नळी तिथेच धरून ठेवली.

भिंतीकडून दादांनी विचारलं, "का रं गप झालास? काय दिसलं?"

सोपानरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत म्हैस माहेरी पाठवणारं सगळं घर मला दिसलं. त्यांनी वाकून दादांच्या डोक्यावर हात ठेवला.

"लाल हाय, दादा. रगात येतंय. माज्यासारकंच हाय."

दादांची मूठ हळूहळू सुटली. त्यांनी मोठा श्वास सोडला.

"मंग थांबलास कशाला?" ते म्हणाले. "म्होरचं सांग."